कोरड्या उन्हाळ्यातले ओले पाइप

"दोरी मी आणते. रिकामी पिंपं ओइवानं आणायची. आणि पिर्को, तराफा पाण्यात उतरेपर्यंत तू शिदोरीला हात लावायचा नाहीस," असा हुकूम सोडून साइमी राउतियो बंबखान्याच्या मनोऱ्यात शिरली.

साइमी बारा वर्षांची होती. तिचा जन्म याच बंबखान्याच्या माडीवरचा. कारण तिचे वडील बंबाचे चालक होते, आणि चालकाने सहकुटुंब इमारतीतच राहावे, असा सहानरांता वस्तीचा पहिल्यापासूनचा दंडक होता. त्यामुळे दोरीची खुंटी तिला डोळे मिटूनही सापडली असती. तिने हात पुढे केला, तोच तिच्या मानेवर एक थंडगार थेंब पडला.

तिने मान पुसली. दुसरा थेंब पडला.

तेव्हा तिने वर पाहिले. आग विझवून आल्यावर भिजलेले पाइप वाळत घालण्यासाठीच बावीस मीटर उंचीचा तो विटांचा मनोरा बांधलेला होता. अर्ध्या उंचीवरून खाली, अंधुक उजेडात, कॅनव्हासचे तीन पाइप लोंबत होते. साइमीने त्यांतील एकाला हात लावला. तो ओलाचिंब होता.

ती दोरी न घेताच बाहेर आली.

"तोंड असं का केलंस? गांधीलमाशी चावली?" ओइवाने विचारले. तो तेरा वर्षांचा होता, आणि जगातील प्रत्येक माणूस काहीतरी लपवीत असतो, असा त्याचा ठाम समज होता.

"आपल्याकडे शेवटची आग कधी लागली, ओइवा?"

"बेकरीची चिमणी पेटली ती. जून संपताना. सगळ्या पावांना धुराचा वास येत होता."

"तरी हिनं चार खाल्ले," साइमी पिर्कोकडे पाहत म्हणाली.

"टाकूनच देणार होते ते," ओइवाची दहा वर्षांची बहीण पिर्को म्हणाली. शिदोरीची पिशवी तिने पाठीमागे धरली होती आणि तिचा एक गाल फुगलेला होता.

तिघेही आत जाऊन नोंदवही पाहून आले. बेकरीच्या आगीला एकोणीस दिवस झाले होते. त्यानंतरची सारी पाने कोरी होती. आकाशातूनही महिनाभर एक थेंब पडला नव्हता. साऱ्या फिनलंडात इतका कोरडा उन्हाळा म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हता, आणि बागांना पाइपाने पाणी घालण्यास नगरपालिकेने मनाई केली होती.

"आग नाही, पाऊस नाही, कवायत नाही," ओइवा एकेक बोट दुमडीत म्हणाला. "मग पाइप ओले कुणी केले? आणि कशासाठी?"

या प्रश्नासरशी तराफ्याचा बेत तेथल्या तेथे बुडाला.

*

एरवी तीन ओल्या पाइपांचे कोणी मनावर घेतले नसते. तथापि तो आठवडा निराळा होता. येत्या रविवारी बंबखान्याला शंभर वर्षे पूर्ण होत होती. आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेचे अभियंता लाउरिला मनोऱ्याच्या भिंती तपासण्यास येत होते. उत्तरेकडील भिंतीत त्यांना आधी एकदा ओल सापडली होती. बुधवारी दुसरी, आणि शुक्रवारी दहा वाजता तिसरी व अखेरची तपासणी होती. त्यांतही ओल निघाली, तर मनोरा खचत आहे असा अहवाल जाणार होता. मनोरा पाडला, म्हणजे पाइप वाळवायला जागा उरणार नाही. आणि बंब नव्या पुलापलीकडच्या केंद्रात जाणार, हे उघडच होते.

तो पूल ओंडके वाहणाऱ्या बोटींसाठी दिवसातून कितीदा तरी उघडला जाई. उघड्या पुलासमोर आगीच्या बंबालाही मुकाट्याने उभे राहावे लागले असते. सहानरांतात तर सगळी घरे लाकडाची. दोन हिवाळ्यांपूर्वी ओइवाच्या घराचे छप्पर पेटले, तेव्हा बंब तीन मिनिटांत दारात आला होता, म्हणूनच ते घर आज उभे होते. आणि साइमीच्या बाबतीत बोलायचे, तर तिचे घर हा बंबखानाच होता.

"सगळं सरळ आहे," ओइवा म्हणाला. "मनोरा पडावा असं ज्याला वाटतं, तोच भिंत ओली करतो. आणि असा माणूस कोण? इंजिनियर साहेब."

"ते कशाला करतील?" पिर्कोने विचारले.

"मोठी माणसं कशाला काय करतात, हे आधी कळत नसतं. आधी पाळत ठेवायची असते."

त्याप्रमाणे बुधवारी सकाळी अभियंता लाउरिला मोजपट्टी घेऊन आले, तेव्हा तिघे लाकडांच्या ढिगाआड दबा धरून बसले होते. लाउरिला उंच, सडपातळ आणि अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मनोऱ्याची खालची रुंदी मोजली, उत्तरेच्या भिंतीवर दोन टोकदार सळ्यांचे आपले यंत्र टेकवले, मान हलवली, दक्षिणेच्या भिंतीवर टेकवले, आणि कागदावर काही लिहून घेतले. या सर्व वेळात त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

"उत्तरेची ओली, दक्षिणेची ठणठणीत," ते साइमीच्या बाबांना म्हणाले. "आग नाही, म्हणजे पाइप भिजलेले नाहीत. मग हे पाणी जमिनीतूनच चढतंय, राउतियो. वाईट वाटतं मला."

"पाइप वर लटकलेत की," बाबा म्हणाले.

"ते काय, नेहमीच लटकलेले असतात," अभियंते म्हणाले. आणि खुंटीवरच्या कोटाकडे पाहावे तसे त्यांनी पाइपांच्या दिशेने केवळ हात हलवला.

इकडे ओइवा रांगत रांगत त्यांच्या मोटारीपर्यंत पोहोचला होता. तो परत आला, तेव्हा त्याचे डोळे चकाकत होते.

"मागच्या सीटखाली बादली आहे. ओली. वर गोणपाट झाकलंय."

पुरावा इतक्या लवकर हाती येईल असे तिला वाटले नव्हते. तिघांनी मोटारीचे दार अलगद उघडले, आणि ओइवाने गोणपाट उचलले.

बादलीतून एक मासा उडाला आणि थेट पिर्कोच्या मांडीवर पडला.

"अरे, माझे मासे," मागून अभियंत्यांचा आवाज आला. रागाऐवजी त्यात संकोचच अधिक होता. "कामावर येण्याआधी जरा गळ टाकला होता. मुलांनो, ऑफिसात कुणाला सांगू नका हं."

ओइवाने मासा शेपटीला धरून परत बादलीत सोडला. मग त्याने स्वतःच वर गोणपाट नीट झाकले.

*

दुसरी युक्ती साइमीने काढली.

तिने पाइपांच्या पितळी जोडांवरचे आकडे पाहून ठेवले होते: सात, आठ आणि नऊ. हे जादा पाइप एरवी मागच्या फळीवर गुंडाळून ठेवलेले असत. दिवसा तर बंबखान्यात सतत माणसे असत. याचा अर्थ कोणीतरी तेच तीन पाइप रोज पहाटे काढून नेत होते, आणि सगळे उठायच्या आत परत आणून टांगत होते.

"जोडांना ब्लूबेरीचा रस फासायचा," ती म्हणाली. "तो डाग दोन दिवस हातावरून जात नाही. उद्या नऊ वाजता सगळे कॉफीला जमतात. ज्याचा तळवा निळा, तो आपला माणूस."

"साइमी, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस असं नाही," ओइवा म्हणाला, "पण आज जवळपास आलीस."

पिर्कोने रानातून डबा भरून ब्लूबेरी आणल्या. अर्धा डबा वाटेतच संपला होता, तरी उरलेल्याने काम भागले. संध्याकाळी तिघांनी मनोऱ्यात जाऊन लोंबत्या टोकांना गर्द रस फासला. तीन पाइपांची सहा टोके. पिर्कोने मोठ्याने मोजली, आणि सहाव्यानंतर बोटे चाटली.

गुरुवारी नऊ वाजता बंबखान्याच्या लांब मेजाभोवती सगळे जमले. हिल्मा मावशींनी वेलदोड्याचा गोड पाव कापला. हिल्मा मावशी गेली चाळीस वर्षे येथील कॉफी, गणवेशांची शिवण आणि सर्वांच्या वागणुकीवर लक्ष, अशी तिन्ही कामे सांभाळीत आल्या होत्या. तिन्ही मुले भिंतीशी उभी राहून एकेका हाताकडे टक लावून पाहत होती.

हिल्मा मावशींनी कप पुढे केला. त्यांचा तळवा निळा होता.

साइमीच्या बाबांनी तो घेतला. त्यांचाही निळा.

बंबखान्याचे प्रमुख वेर्नेर हाल्मे यांनी साखरेकडे हात नेला. तो जांभळा म्हणावा इतका निळा होता. पोस्टमन सहज डोकावला. त्याने टोपी काढली, तर त्याची बोटे निळी. कॉफीचा वास घेत आलेल्या अभियंता लाउरिलांच्या तर बाहीलाही डाग होता.

"काल संध्याकाळी अख्खी वस्ती रानात होती की," हिल्मा मावशी म्हणाल्या. "उन्हानं यंदा सगळी फळं एकदम पिकलीत. काय रे पोरांनो, हात काय बघताय आमचे? भविष्य सांगणार आहात का?"

ओइवाने कपाळावर हात मारला. जुलैच्या मध्यावर ब्लूबेरीच्या डागावरून माणूस ओळखू पाहणे, म्हणजे हिवाळ्यात टोपीवरून ओळखू पाहण्यासारखेच होते. आणि ही गोष्ट सहानरांतात जन्मलेल्या तीन मुलांपैकी एकालाही सुचली नव्हती.

*

त्या दुपारी साइमी एकटीच जिन्याच्या पायरीवर बसली. आता तिच्या मनात एक नवा विचार शिरला होता, आणि तो काही केल्या बाहेर जाईना.

ज्या कोणी पाइप नेले, त्याने ते परत आणून टांगले होते. बाहेरच्या माणसाने असे केले असते काय? परका माणूस ओला पाइप कोपऱ्यात फेकून मोकळा झाला असता. ओला पाइप कधी गुंडाळून ठेवायचा नाही, तो कुजतो, आणि ऐन आगीत फुटतो, हे बंबखान्यातल्या माणसाच्या अंगात इतके भिनलेले असते की चोरी करतानाही त्याच्याकडून पाइप वाळत घातला जाणार. म्हणजे हे काम आपल्यातल्याच कोणाचे तरी होते.

आणि मागच्या रविवारी स्वयंपाकघराच्या दाराआडून तिने बाबांचे बोलणे ऐकले होते. "पलीकडच्या नव्या घरांत नळाला गरम पाणी येतं," ते आईला सांगत होते. "उभ्या उभ्या अंघोळ होते. आणि सरपण फोडायची कटकट नाही."

बाबांजवळ मनोऱ्याची किल्ली होती. बाबा सगळ्यांच्या आधी उठत. बाबांचा तळवा निळा होता.

साइमीने ही शंका ओइवालाही सांगितली नाही. ज्याच्या त्याच्याकडे संशयाने पाहणे गेले दोन दिवस तिला मौजेचे वाटले होते. आता जेवताना बाबांनी बटाटे पुढे केले, तेव्हा तिला त्यांच्याकडे वर मान करून पाहवेना.

"बरं नाही का गं?" बाबांनी विचारले.

"आहे," ती म्हणाली, आणि पुढे केलेले बटाटे तसेच ठेवून उठली.

ती तडक मनोऱ्यात गेली. पाइप पुन्हा ओले होते. खाली लोंबणारी टोके तिने नकळत मोजली. सहा. काल संध्याकाळी पिर्कोनेही सहाच मोजली होती.

साइमी जागच्या जागी थबकली.

बाबा पाइप टांगतात, तेव्हा त्याचे एक टोक वरच्या आकड्याला अडकवून दोरीने पार छतापर्यंत चढवतात. मग खाली एकच टोक लोंबते, आणि ते मधोमध, मोरीच्या जाळीवर येते. तीन पाइप, तीन टोके. हे पाइप मात्र अर्ध्यातून दुमडून, जुन्या आडव्या तुळईच्या उत्तर टोकाला, भिंतीलगतच्या खुंट्यांवर टाकलेले होते. त्यांचे पाणी जाळीवर पडतच नव्हते. ते भिंतीवरून ओघळत होते.

ती पळत हिल्मा मावशींकडे गेली. मावशी रविवारच्या संचलनासाठी गणवेशांच्या गुंड्या घट्ट करीत होत्या.

"मावशी, पाइप मधून दुमडून कोण टांगतं?"

"आता कुणी नाही. हा मनोरा आधी एवढा उंच नव्हता बाई. छत्तीस साली वाढवला. त्याच्या आधी अख्खा पाइप मावायचाच नाही, म्हणून दुमडून टाकायचे. खुंट्या आहेत अजून तिथं. तेव्हाच्या पोरांच्या हाताला तीच सवय. एमिलला तर तो निवृत्त होईपर्यंत मी ओरडत होते."

"एमिल काका? त्यांचा पाय तर प्लास्टरमध्ये आहे."

"महिना झाला. शिडीवरून पडला. सत्तर वर्षांचा माणूस सफरचंदं काढायला शिडीवर चढतो, आणि सफरचंदं अजून हिरवी."

"आणि माझे बाबा?"

"तुझा बाप इथं आला तेव्हा मनोरा वाढवून वीस वर्षं होऊन गेलेली. त्याला कसं येणार ते?" मावशींनी दोरा दाताने तोडला. "छत्तीसच्या आधीचे दोघंच उरलेत. एक एमिल. आणि एक—"

"वेर्नेर काका," साइमी हळूच म्हणाली.

तिच्या मनावरचे एक ओझे उतरले आणि लगेच दुसरे येऊन बसले. कारण मनोरा वाचावा म्हणून नगरपालिकेला सात पत्रे लिहिणारे वेर्नेर काकाच होते.

*

शुक्रवारी पहाटे, ऊन झाडांच्या शेंड्यांवर असतानाच, तिघे जण कुंपणाआड लपले होते. पाच वाजले, आणि मनोऱ्याचे दार उघडले. प्रमुख वेर्नेर हाल्मे हातगाडीवर तीन पाइप घेऊन बाहेर पडले. त्यांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, आणि गाडी ढकलीत ते लाकूड कारखान्यामागच्या जुन्या तबेल्याकडे निघाले.

"बघितलंस?" ओइवा कुजबुजला. "माणूस निर्दोष असेल तर डावीकडे बघत नाही."

तबेल्यासमोर रस्त्याच्या नळखांबाला पाइप जोडले गेले. पाणी आत वाहू लागले. मुले दारापर्यंत सरपटत गेली, आणि फटीतून पाहतात तो काय, मध्यभागी ठोकळ्यांवर 'म्हातारी' उभी होती.

म्हातारी म्हणजे बंबखान्याचा पहिलावहिला हातबंब. दोन्ही बाजूंना लांब दांडे, लाल चाके, आणि मधे ओकच्या फळ्यांचा मोठा हौद. रविवारी सगळ्या नगरपालिकेसमोर तिच्यातून पाण्याची धार उडवायची असे ठरले होते. परंतु आता तिच्या फळ्याफळ्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या, आणि प्रमुख वेर्नेर गुडघे टेकून एका भेगेवर स्वतःचा रुमाल दाबून बसले होते.

"फुग ना गं," ते अगदी केविलवाणेपणाने म्हणत होते. "दोन दिवस राहिले. थोडी तरी फुग."

पिर्कोला हसू आवरले नाही.

वेर्नेर काका दचकून उठले. त्यांनी मुलांकडे पाहिले, रुमाल मागे लपवला, आणि मग लपवण्यात अर्थ नाही हे ध्यानात येऊन खाली मान घातली.

"दर वसंतात हौद भरून ठेवायचा असतो," ते म्हणाले. "म्हणजे फळ्या फुगून बसतात. हे काम माझं. सहा वर्षं विसरलो मी. आज करू, उद्या करू. रविवारी भरसभेत म्हातारी गळली, तर ते म्हणतील, ज्यांना एक पिंप सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती बंबखाना कशाला. म्हणून रोज भरतोय. त्यात पाण्याची मनाई. कुणाला सांगू?"

"पाइप तुम्ही परत टांगता," साइमी म्हणाली.

"मग? ओला पाइप काय गुंडाळून ठेवू?" अपमान झाल्यासारखा त्यांचा आवाज चढला.

"उत्तरेच्या खुंट्यांवर. दुमडून."

"शिडी तिकडेच आहे. हात आपोआप जातो."

"वेर्नेर काका, इंजिनियर साहेबांना ओल कुठल्या भिंतीत सापडली?"

"उत्तरेच्या," प्रमुख म्हणाले. म्हातारीतून पाणी टपटपत होते. प्रमुख सावकाश उलट्या बादलीवर बसले.

"मी," ते म्हणाले. "मीच पाडतोय होय मनोरा."

"दहाला ते येणार," ओइवा म्हणाला. "पाच तासांत भिंत वाळणार नाही. पंखे लावले तरी नाही."

"मी सांगतो त्यांना सगळं."

"सांगा," साइमी म्हणाली, "पण त्यांना वाटेल, मनोरा वाचवायला तुम्ही गोष्ट रचली. सात पत्रं लिहिलीत तुम्ही. त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे." मग तिने पन्नाशी उलटलेल्या त्या प्रमुखाकडे अशा नजरेने पाहिले, की ते आपोआप उठून उभे राहिले. "आज पाइप दक्षिणेच्या खुंट्यांवर टाकायचे. तुळईच्या दुसऱ्या टोकाला. चांगले पाणी भरलेले, न झटकता."

"दक्षिणेची भिंत तर कोरडी आहे."

"म्हणूनच," साइमी म्हणाली.

*

ठीक दहा वाजता अभियंता लाउरिला आले. त्यांनी उत्तरेच्या भिंतीवर यंत्र टेकवले आणि मान हलवली. नंतर दक्षिणेच्या भिंतीवर टेकवले, आणि यंत्राला दोन चापट्या मारल्या. पुन्हा टेकवले.

"हे शक्य नाही," ते म्हणाले. "परवा ही ठणठणीत होती."

"खचली असेल," ओइवा गंभीरपणे म्हणाला.

"दोन दिवसांत? भिंत आहे ती, साबण नव्हे."

"मग पाणी जमिनीतून चढलं असेल," साइमी म्हणाली. "दोन दिवसांत."

अभियंत्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्याच क्षणी त्याच्या डाव्या काचेवर टप्पकन एक थेंब पडला. मग कागदावर दुसरा पडला, आणि 'ओल' हा शब्दच पसरला.

या तीन तपासण्यांत अभियंता लाउरिलांनी तेव्हा प्रथमच वर पाहिले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पाइपाला हात लावला, भिंतीवरच्या ओघळामागे बोट फिरवीत ते खुंटीपर्यंत नजर घेऊन गेले, आणि समोरच्या उत्तरेच्या खुंट्यांकडे वळले. तेथून खाली अगदी तसाच ओघळ उतरला होता.

"हे मला आधीच दिसायला हवं होतं," ते म्हणाले.

"आणि मला ते करायलाच नको होतं," प्रमुख वेर्नेर पुढे होत म्हणाले. आणि त्यांनी म्हातारीची, रुमालाची आणि पाण्याच्या मनाईची सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली. दारात साइमीचे बाबा आणि हिल्मा मावशी उभ्या होत्या.

"सहा वर्षं," हिल्मा मावशी म्हणाल्या. "आणि मी विचारलं की म्हणायचास, केलंय, हिल्मा, केलंय."

"तीन आठवडे इथं एकही ओला पाइप येऊ देऊ नका," अभियंते ओला कागद फाडीत म्हणाले. "मग मी पुन्हा मोजेन. वर बघून. तोवर अहवाल जाणार नाही."

साइमी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कालपासून अडलेला प्रश्न तिने आता विचारला.

"बाबा, तुम्हाला पलीकडे जायचंय का?"

"मला? कुणी सांगितलं?"

"गरम पाणी. उभ्या उभ्या अंघोळ."

बाबा हसले. "गरम पाणी हवंय की. म्हणून बंबखाना नको झाला असं कधी म्हणालो? तुझ्या आईला सांगत होतो, इथंच एक टाकी बसवू." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. "काल बटाटे म्हणून घेतले नाहीस होय?"

साइमीने मान डोलावली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

*

रविवारी म्हातारी गळली. पण अगदी थोडी. चौघे एका दांड्याला, चौघे दुसऱ्या दांड्याला, आणि पाण्याची धार बंबखान्याच्या छपरावरून पलीकडे गेली. नगरपालिकेच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अभियंता लाउरिला वाऱ्याचा अंदाज चुकून धारेच्या वाटेत उभे राहिले होते. त्यांनी भिजलेला कोट काढून शांतपणे खुंटीवर टांगला, आणि टांगण्याआधी खुंटीखाली काय आहे ते पाहून घेतले.

भाषणात प्रमुख वेर्नेर यांनी शंभर वर्षांचा इतिहास सांगण्याऐवजी मागच्या एका आठवड्याचा सांगितला. "मोठ्यांनी पाहिलं नाही, ते या तीन मुलांनी पाहिलं," ते म्हणाले. "बंबखाना आम्ही वाचवतोय असं मला वाटत होतं. तो यांनी वाचवला, आणि माझ्यापासून वाचवला." हिल्मा मावशींनी गोड पावाचे सबंध ताट पिर्कोसमोर ठेवले आणि ते मोजू नये असे सर्वांना बजावले. अभियंत्यांनी ओइवाशी हस्तांदोलन करून विचारले, की पुढे नगरपालिकेत कामाला येशील काय. ओइवाने विचार करून सांगतो असे उत्तर दिले. कारण त्या ऑफिसातील काही लोकांवर त्याचा अद्याप पूर्ण विश्वास बसला नव्हता.

तीन आठवड्यांनी यंत्र दोन्ही भिंतींवर टेकले, आणि काटा जागचा हलला नाही. मनोरा पाडण्याचा विषय नगरपालिकेच्या कागदांतून निघाला.

त्यानंतर चार दिवसांनी मासे धुरी देऊन टिकवण्याच्या धुरखान्याला आग लागली. बंब तीन मिनिटांत पोहोचला, अर्ध्या तासात परत आला, आणि भिजलेले पाइप मनोऱ्यात आणले गेले. प्रमुख वेर्नेर सवयीने उत्तरेच्या शिडीकडे वळले, मधेच थांबले, आणि त्यांनी पाइपाचे पितळी टोक साइमीच्या हाती दिले.

"तू टांग," ते म्हणाले. "माझा हात अजून ऐकत नाही."

साइमीने टोक आकड्यात अडकवले आणि दोरी ओढू लागली. पाइप सरसर वर चढला, जुन्या तुळईच्या वर, छत्तीस साली वाढवलेल्या विटांच्याही वर, पार छताला जाऊन भिडला. खाली एकच टोक लोंबत राहिले. तिने दोरी बांधली आणि कान दिला.

पहिला थेंब बरोबर जाळीच्या मधोमध पडला.